डब्यापासून कक्षेपर्यंत : जपानमध्ये विद्यार्थी म्हणून छोटा उपग्रह बनवायचा असेल तर

३० जून २००३ रोजी रशियातील प्लेसेत्स्क येथून सुटलेल्या रोकोट अग्निबाणातून टोकियोच्या दोन विद्यापीठांचे दोन चिमुकले उपग्रह कक्षेत गेले. टोकियो विद्यापीठातील प्रा. शिनिची नाकासुका यांच्या प्रयोगशाळेचा ‘साय-फोर’ आणि टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा ‘क्यूट-वन’ हे ते दोन उपग्रह. प्रत्येकाची बाजू १० सेंटिमीटर आणि वजन सुमारे एक किलो होते, आणि आत बाजारात कोणालाही विकत मिळतील असे सुटे भाग बसवलेले होते. दोघेही बोलू लागले. त्याच अग्निबाणातून गेलेल्या अन्य देशांतील विद्यार्थ्यांच्या काही उपग्रहांकडून मात्र कक्षेत पोहोचल्यानंतर एकही संदेश आला नाही.

बोलणारा उपग्रह आणि मुका उपग्रह यांच्यातला फरक बहुतेक वेळा जमिनीवरच, म्हणजे उड्डाणाच्या कितीतरी आधी, पडलेला असतो. जपानच्या शिक्षणपद्धतीने हे जमिनीवरचे काम शिकवण्याची एक वाट गेल्या पंचवीसेक वर्षांत आखली आहे. त्या वाटेवर नव्याने पाऊल ठेवू पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यासाठी ती पायरीपायरीने येथे मांडली आहे.

पहिली पायरी : घराच्या गच्चीवरून ऐकायला शिका

जपानला जाण्याचा विचार पक्का होण्याआधीही ही पायरी चढता येते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांचा कोन करते, त्यामुळे स्थानकातील ‘किबो’ या जपानी विभागातून सोडलेले छोटे उपग्रह पुणे, नागपूर किंवा पणजी यांच्या आकाशातूनही दररोज काही वेळा जातात. त्यांतील बरेच उपग्रह ४३५ ते ४३८ मेगाहर्ट्झ या हौशी रेडिओच्या पट्ट्यात बोलतात. संगणकाला जोडायचा एक स्वस्त एसडीआर डोंगल (संगणकाच्या आज्ञावलीने चालणारा छोटा रेडिओ ग्राहक), घरी बनवलेली यागी अँटेना (एका दिशेने रोखायची, आडव्या दांड्यांची अँटेना) आणि उपग्रहाच्या मार्गाचा अंदाज देणारी मोफत प्रणाली एवढी सामग्री सुरुवातीला पुरते.

उपग्रह क्षितिजावर उगवतो तेव्हा तो सुमारे २,३०० किलोमीटर दूर असतो, डोक्यावर आला की ४०० किलोमीटरवर येतो आणि दहाएक मिनिटांत मावळतो. या काळात तो आधी जवळ येतो आणि मग दूर जातो, त्यामुळे, म्हणजे डॉप्लर परिणामामुळे, त्याची वारंवारिता आधी सुमारे १० किलोहर्ट्झ वर आणि शेवटी तितकीच खाली सरकलेली दिसते. हे आकडे पुस्तकातून पाठ करण्यापेक्षा एकदा अँटेना हातात धरून अनुभवले, तर पुढे उपग्रहाची दळणवळण यंत्रणा आखताना कोणते गृहीतक धाडसाचे आहे हे आपोआप कळते. प्रसारण करण्यासाठी हौशी रेडिओचा परवाना लागतो, आणि त्या परीक्षेची तयारी याच काळात सुरू करणे शहाणपणाचे आहे.

दुसरी पायरी : आधी डबा, मग घन

नोव्हेंबर १९९८ मध्ये हवाई येथे भरलेल्या जपानी आणि अमेरिकी विद्यापीठांच्या परिसंवादात स्टॅनफर्डचे प्रा. रॉबर्ट ट्विग्ज यांनी शीतपेयाचा ३५० मिलिलिटरचा डबा दाखवून त्यात मावेल असा उपग्रह विद्यार्थ्यांनी बनवावा, अशी कल्पना मांडली. त्यातून ‘कॅनसॅट’ जन्माला आला. १९९९ पासून अमेरिकेतील नेवाडाच्या ब्लॅक रॉक वाळवंटात ‘आर्लिस’ हा उपक्रम भरू लागला. त्यात हौशी अग्निबाणकार विद्यार्थ्यांचे कॅनसॅट सुमारे ४ किलोमीटर उंचीवर नेऊन सोडतात आणि ते हवाई छत्रीने खाली येतात. खाली उतरल्यावर ठरलेल्या खुणेपर्यंत स्वतःहून चालत जाण्याची ‘कमबॅक’ स्पर्धा तेथे विशेष रंगते. जपानमध्येच अकिता प्रांतातील नोशिरो येथे २००५ पासून दर ऑगस्टमध्ये अशा प्रयोगांचा मेळा भरतो.

कॅनसॅट कक्षेत जात नाही, म्हणून अनेक हुशार विद्यार्थी त्याला पोरखेळ समजून ही पायरी गाळू पाहतात. माझ्या मते ती गाळू नये. डब्यातही वीजपुरवठा, संगणक, संवेदक, रेडिओ आणि उलगडणारा एखादा भाग असतोच, आणि एकदा वर गेला की त्याला हात लावता येत नाही. फरक एवढाच की चूक झाली तर तो त्याच संध्याकाळी हाती येतो आणि कोणती तार तुटली हे डोळ्यांनी पाहता येते. एक किलोचा उपग्रह ही संधी कधीच देत नाही.

जपानमधील विद्यापीठांना जोडणारी ‘युनिसेक’ ही संस्था २००३ पासून ना-नफा संस्था म्हणून काम करते आणि कॅनसॅट शिकवू शकतील अशा परदेशी शिक्षकांसाठी २०११ पासून प्रशिक्षणवर्गही घेते. निहोन विद्यापीठात तयार झालेला ‘हेप्टा-सॅट’ हा शैक्षणिक संच याच परंपरेतला आहे. उपग्रहाच्या सगळ्या उपप्रणाली त्यात टेबलावर जोडून, बिघडवून आणि पुन्हा जोडून शिकता येतात. आपले महाविद्यालय असा वर्ग भरवू शकत असेल, तर प्राध्यापकांच्या मागे लागून तो भरवून घ्यावा.

तिसरी पायरी : विद्यापीठ आणि मार्ग निवडणे

क्यूशू बेटाच्या उत्तर टोकाला असलेल्या किताक्यूशू शहरातील क्यूशू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच बोलीभाषेतील ‘क्यूटेक’, हे परदेशी विद्यार्थ्यांसाठी सर्वांत सरळ दार आहे. तेथे अवकाश अभियांत्रिकीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम २०१३ पासून इंग्रजीतून चालतो. प्रा. मेंगू चो यांच्या नेतृत्वाखाली याच संस्थेत ‘बर्ड्स’ ही मालिका उभी राहिली. वेगवेगळ्या देशांतील विद्यार्थी एका गटात येऊन एकसारखे उपग्रह बनवतात आणि मोहीम आखण्यापासून कक्षेत चालवण्यापर्यंतचे सगळे चक्र पदव्युत्तर शिक्षणाच्या साधारण दोन वर्षांत पूर्ण करतात, अशी तिची रचना होती. जुलै २०१७ मध्ये किबोतून सुटलेल्या पहिल्या तुकडीत जपान, घाना, मंगोलिया, नायजेरिया आणि बांगलादेश होते. पुढच्या तुकड्यांतून भूतान, नेपाळ आणि श्रीलंका या आपल्या शेजाऱ्यांचे पहिले छोटे उपग्रह गेले. ज्या देशांना स्वतःचा उपग्रह नव्हता त्यांच्यावर या मालिकेचा भर असल्यामुळे भारतीय विद्यार्थ्याने तिच्याकडे हक्काची जागा म्हणून पाहू नये; मात्र तिचे आराखडे आणि आज्ञावली बऱ्याच अंशी खुल्या ठेवलेल्या आहेत आणि ते वाचणे हाच एक अभ्यासक्रम आहे.

संयुक्त राष्ट्रांचे अवकाशविषयक कार्यालय आणि जपान सरकार मिळून क्यूटेकमध्ये नॅनो उपग्रह तंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देतात, त्या विकसनशील देशांतील उमेदवारांसाठी असतात आणि जागा मोजक्याच असतात. त्या वर्षीची पात्रता प्रत्यक्ष जाहिरातीत पाहून घ्यावी. याखेरीज जपानच्या शिक्षण मंत्रालयाची ‘मेक्स्ट’ शिष्यवृत्ती दोन मार्गांनी मिळते : एक भारतातील जपानी दूतावासामार्फत आणि दुसरा विद्यापीठाच्या शिफारशीने. दोन्ही मार्गांत आधी एखाद्या प्राध्यापकाने तुम्हाला आपल्या प्रयोगशाळेत घ्यायला तयार असणे हा खरा उंबरठा असतो. तोहोकू आणि होक्काइदो विद्यापीठांकडे ५० किलोच्या वर्गातील उपग्रहांचा अनुभव आहे. फिलिपिन्सचा २०१६ मधील ‘दिवाता-१’ त्यांच्याच सहकार्याने बनला. आपल्याला एक किलोच्या उपग्रहाचे सगळे अंग शिकायचे आहे की मोठ्या उपग्रहाचे एकच अंग खोलात जाऊन, हे प्राध्यापकांना पत्र लिहिण्याआधी स्वतःशी ठरवावे.

त्या पत्रात गुणपत्रिकेपेक्षा आपण काय बनवले, ते कुठे मोडले आणि बिघाड कसा शोधला हे लिहावे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ जून २०१६ मध्ये आणि आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पीएसएलव्हीने कक्षेत गेला. अशा एखाद्या गटात तुम्ही केवळ तारा सोल्डर केल्या असतील, तरी त्या चार ओळी पानभर प्रशस्तीपेक्षा अधिक वजनदार ठरतात.

चौथी पायरी : मोहीम लहान ठेवणे

गट जमला की पहिल्याच बैठकीत कॅमेरा, कृत्रिम बुद्धिमत्ता, दिशानियंत्रण आणि आपत्तीची सूचना असे सगळे एका घनात कोंबण्याचा मोह होतो. त्या बैठकीत फळ्यावर दोन हिशेब मांडावेत.

पहिला हिशेब विजेचा. १० सेंटिमीटर बाजूच्या घनाच्या एका पृष्ठावर बसणाऱ्या सौरघटांतून समोरासमोर ऊन मिळाले तर सुमारे २ वॅट वीज मिळते. उपग्रह ९२ मिनिटांच्या प्रदक्षिणेत ३६ मिनिटांपर्यंत पृथ्वीच्या सावलीत असतो आणि उरलेल्या वेळात गोते खात फिरतो, त्यामुळे सरासरी हाती येते ती साधारण १ वॅट, म्हणजे घरातल्या छोट्या एलईडी रात्रदिव्याएवढी. संगणक, रेडिओ, बॅटरीची ऊब आणि मोहिमेचे उपकरण या सगळ्यांनी तेवढ्यात संसार करायचा असतो.

दुसरा हिशेब माहितीचा. सेकंदाला ९,६०० बिट या वेगाने दहा मिनिटे अखंड संपर्क राहिला तर सुमारे ७२० किलोबाइट माहिती उतरते. वेग १,२०० बिट असेल तर फक्त ९० किलोबाइट. प्रत्यक्षात क्षितिजाजवळची मिनिटे वाया जातात आणि पुन्हा मागवावे लागणारे तुकडेही असतात, म्हणून याच्या निम्मे मिळाले तरी समाधान मानावे. मोबाइलवर काढलेला एक फोटो यापेक्षा मोठा असतो, हे लक्षात आले की कॅमेऱ्याचा उत्साह आपोआप मापात येतो.

चांगल्या विद्यार्थी-मोहिमा एकच प्रश्न विचारतात. क्यूटेकच्या ‘होर्यू-२’ने २०१२ मध्ये कक्षेत ३०० व्होल्टने वीज निर्माण करून दाखवली. फुकुओका इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या ‘फिटसॅट-१’ने त्याच वर्षी प्रखर एलईडी लुकलुकवून आकाशात मोर्स संकेत लिहिले. जपानमधील तंत्रनिकेतनांच्या, म्हणजे ‘कोसेन’ महाविद्यालयांच्या, विद्यार्थ्यांचा ‘कोसेन-१’ नोव्हेंबर २०२१ मध्ये गुरूवरून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकण्यासाठी गेला. क्योतो विद्यापीठाचा मॅग्नोलियाच्या लाकडाचा ‘लिग्नोसॅट’ डिसेंबर २०२४ मध्ये किबोतून सोडला गेला, जगभर त्याचे कौतुक झाले, परंतु त्याच्याशी संपर्क मात्र होऊ शकला नाही. म्हणून मोहीम कितीही आकर्षक असली तरी यशाची पहिली पातळी ‘बीकन (उपग्रह स्वतःहून पुन्हापुन्हा पाठवतो तो ओळखीचा संदेश) ऐकू आला’ एवढीच लिहावी आणि तो बीकन बाकी कशावरही अवलंबून नसेल अशी मांडणी करावी.

पाचवी पायरी : कागदपत्रे पहिल्या महिन्यातच सुरू करणे

नवख्या गटाला सर्वांत उशिरा सुचणारी आणि सर्वांत जास्त वेळ खाणारी गोष्ट हीच. वारंवारितेसाठी जपानच्या गृहव्यवहार व दळणवळण मंत्रालयाकडे अर्ज करावा लागतो आणि त्यांच्यामार्फत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे नोंद जाते. हौशी पट्टा वापरायचा असेल तर आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाशी समन्वय साधावा लागतो, मोहीम खरोखर हौशी रेडिओच्या उद्देशात बसते हे दाखवावे लागते आणि संदेशांची रचना सर्वांसाठी जाहीर करावी लागते. हे सगळे महिन्यांच्या हिशेबात चालते, आणि वारंवारिता ठरल्याशिवाय अँटेनेची लांबीही पक्की होत नाही. जपानचा अवकाश कृतींविषयीचा कायदा १५ नोव्हेंबर २०१८ पासून लागू आहे, त्यामुळे जपानमधून उपग्रह नियंत्रित करायचा असेल तर मंत्रिमंडळ कार्यालयाकडून व्यवस्थापनाचा परवानाही घ्यावा लागतो, आणि त्यात काम संपल्यावर उपग्रहाचे काय होणार हे आधीच सांगावे लागते.

किबोतून सुटायचे असेल तर सुरक्षेची तपासणी वेगळी असते. उपग्रह जेथून जाणार तेथे माणसे राहतात, त्यामुळे जपानची अवकाश संस्था ‘जाक्सा’ टप्प्याटप्प्याने प्रश्न विचारते. चुकून वीज सुरू होऊ नये म्हणून एकापुढे एक असे तीन स्वतंत्र अडथळे हवेत. कडा बोथट हव्यात. बॅटरीचा प्रत्येक घट निर्वातात आणि कंपनात तपासलेला हवा. सुटल्यानंतर ३० मिनिटे अँटेना उलगडायची नाही आणि रेडिओ चालू करायचा नाही. या अटी आराखड्याच्या कागदावर आल्या तर त्यांचे ओझे वाटत नाही, परंतु धातू कापून झाल्यावर आल्या तर सगळी चौकट नव्याने करावी लागते.

सहावी पायरी : तीन नमुने आणि चाचण्या

पहिला नमुना टेबलावर पसरलेला असतो. त्यात परिपथ एकमेकांशी बोलतात की नाही एवढेच पाहायचे असते. दुसरा अभियांत्रिकी नमुना खऱ्या आकाराचा असतो आणि त्याला निर्दयपणे हलवायचे, तापवायचे आणि गोठवायचे असते. तिसरा उड्डाण नमुना प्रत्यक्ष जातो. वेळ कमी पडला की दुसरा नमुना वगळण्याची कल्पना कोणीतरी मांडतेच. तो वगळण्यापेक्षा मोहीम निम्मी करावी.

क्यूटेकमध्ये २०१० साली नॅनो उपग्रहांच्या चाचण्यांसाठी वेगळे केंद्र स्थापन झाले, तेथे कंपन, औष्णिक निर्वात (हवा काढलेल्या टाकीत तापवणे आणि गोठवणे), आघात अशा चाचण्या एकाच आवारात होतात. किबोकडे जाणारे उपग्रह मालवाहू यानात मऊ वेष्टनात ठेवलेले असतात, त्यामुळे थेट अग्निबाणावर बसणाऱ्यांपेक्षा त्यांना कमी धक्के बसतात. तरीही स्क्रू सैल होणे आणि जोडणी निसटणे हे कंपनातच उघडकीला येते.

अँटेना उलगडण्याच्या चाचणीवर विशेष वेळ द्यावा, कारण ती फसली की बाकीचे सगळे व्यर्थ जाते. गुंडाळलेली अँटेना सहसा नायलॉनच्या दोऱ्याने बांधलेली असते आणि तापणाऱ्या तारेने तो दोरा वितळवतात. खोलीत ही क्रिया पहिल्याच प्रयत्नात जमते. थंड निर्वातात बॅटरीचा विद्युतदाब (व्होल्टेज) उतरलेला असतो, दोरा तापायला वेळ लागतो आणि तार तेवढ्यात बंद होते. म्हणून ही चाचणी सर्वांत थंड तापमानाला, खऱ्या बॅटरीवर आणि अनेकदा करावी. दुसरी अत्यावश्यक चाचणी म्हणजे एकही केबल न लावता, केवळ अँटेनेमार्फत, दूरच्या टेकडीवर ठेवलेल्या उपग्रहाला आज्ञा देऊन उत्तर मिळवणे. प्रयोगशाळेतील संगणकाच्या गोंगाटात आणि सोयीच्या केबलमध्ये लपलेले दोष येथे बाहेर येतात. अवकाशातील प्रारणामुळे (रेडिएशन) एखादी चिप अडकून बसेल हे गृहीत धरून ठरावीक वेळाने सगळी वीज बंद करून पुन्हा सुरू करणारी योजना ठेवली आहे ना, हेही याच वेळी तपासावे.

उड्डाण नमुना जोडताना एकाने कार्यपद्धती मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने हात चालवायचा आणि तिसऱ्याने नोंद करायची, ही पद्धत काटेकोरपणे पाळतात. जपानी प्रयोगशाळांत ‘होरेन्सो’ हा शब्द वारंवार कानावर पडतो : अहवाल द्या, कळवा, विचारा, या तीन शब्दांच्या आद्याक्षरांतून तो बनला आहे. योगायोगाने त्याच उच्चाराचा दुसरा शब्द पालकाच्या भाजीसाठी आहे, त्यामुळे नवा विद्यार्थी पहिले काही दिवस गोंधळतो. आपल्याकडे स्वतःच्या बळावर अडचण सोडवणाऱ्याचे कौतुक होते, तेथे अडचण दिसताच न सांगणाऱ्याकडे नापसंतीने पाहिले जाते. ‘हिकित्सुगी’ म्हणजे काम पुढच्याच्या हाती सोपवणे, हेही तितकेच महत्त्वाचे. जपानचे शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि मार्चमध्ये वरिष्ठ, म्हणजे ‘सेम्पाई’, पदवी घेऊन निघून जातात. त्यांच्या डोक्यातले कागदावर उतरले नाही तर एप्रिलमध्ये गटाला तेच दोष नव्याने शोधावे लागतात.

सातवी पायरी : सुपूर्द करणे

उपग्रह बहुधा टोकियोजवळच्या त्सुकुबा येथील जाक्साच्या केंद्रात प्रक्षेपक पेटीत बसवून सुपूर्द केला जातो. उड्डाणापूर्वी काढायची सुरक्षेची पिन काढली, तिची नोंद आणि छायाचित्र घेतले, की तुमचा त्याच्याशी स्पर्शाचा संबंध संपतो. तेथून कक्षेत सुटेपर्यंत काही महिने जाऊ शकतात, त्यामुळे बॅटरी स्वतःहून किती उतरते याची नोंद आधीपासून हवी. पुढे अंतराळवीर ती पेटी किबोच्या हवाबंद दालनातून बाहेर पाठवतात, यांत्रिक बाहू तिला योग्य दिशेला धरतो आणि स्प्रिंगच्या रेट्याने उपग्रह सेकंदाला एक-दीड मीटर वेगाने मागे-खाली सुटतो.

आठवी पायरी : कक्षेतले दिवस

एकाच वेळी अनेक उपग्रह सुटलेले असल्यामुळे पहिल्या काही दिवसांत आपला कोणता हे नक्की ठरत नाही. अशा वेळी डॉप्लरच्या आलेखावरून आणि जगभरच्या हौशी रेडिओकारांनी पाठवलेल्या नोंदींवरून तो ओळखावा लागतो; त्या रेडिओकारांना आभाराचे क्यूएसएल कार्ड, म्हणजे संदेश ऐकल्याची पोच देणारे टपालकार्ड, पाठवण्याची प्रथा जपानी विद्यापीठे मनापासून पाळतात. पहिल्या आठवड्यात फक्त बॅटरीचा विद्युतदाब, तापमान आणि पुनर्प्रारंभांची संख्या पाहावी. घाईने कॅमेरा सुरू करू नये. रात्री अडीचच्या फेरीलाही कोणीतरी जागे राहावे लागते, म्हणून पाळ्या आधी लावाव्यात आणि प्रत्येक आज्ञा वेळेसह वहीत लिहावी.

सुमारे ४०० किलोमीटरवरून सुटलेला उपग्रह विरळ हवेच्या घर्षणाने हळूहळू खाली येतो आणि सूर्याच्या सक्रियतेनुसार काही महिन्यांत किंवा एक-दोन वर्षांत वातावरणात जळून जातो. शेवटच्या आठवड्यांत फेऱ्यांच्या वेळा अंदाजापेक्षा लवकर येऊ लागतात, तेव्हा कक्षेची ताजी माहिती रोज भरावी, नाहीतर अँटेना रिकाम्या आकाशाकडे वळलेली राहते. उपग्रह नष्ट झाल्याचे निश्चित झाल्यावर त्याचे रेडिओ केंद्र बंद झाल्याची सूचना मंत्रालयाला द्यावी लागते. तो अर्ज कोणी भरायचा हे सुरुवातीलाच ठरवून ठेवावे, कारण उपग्रह बनवणारे बरेच जण तोवर पदवी घेऊन विद्यापीठ सोडून गेलेले असतात.